मोजणीत वाकलेलं जाळं

मासेमारीची बंदी लागली की मुरुडमध्ये सगळ्यात आधी आवाज बदलतात. होड्यांच्या इंजिनांची धडधड बंद. तिच्या जागी ताडपत्र्यांची फडफड, ओसरीत जाळी घेऊन बसलेल्या माणसांच्या गप्पा, आणि मधूनच लायटरचा टक् असा आवाज, कारण नायलॉनचा दोरा कापला की त्याचं टोक जाळून पक्कं करायला लागतं. तो जळका वास आज सकाळी स्टँडवरून कॉलेजकडे चालताना नाकात शिरला आणि मी भर रस्त्यात थांबले. मागून स्कूटरवाला म्हणाला, "बाय, रस्ता तुमचा हाय काय?" नव्हता. पण मागच्या वर्षीचे जून-जुलै आख्खेच्या आख्खे डोक्यात उघडले होते, त्याला मी काय करणार. तासाला अजून वेळ आहे. स्टाफरूममध्ये बसून फोनवर टाइप करतेय, अंगठे चालतायत तोवर.

लोकांना वासावरून गाव आठवतं, शाळेचा डबा आठवतो. मला जळक्या नायलॉनवरून गुरुत्वाकर्षण आठवतं. सांगते कसं ते.

मी मूळची म्हसळ्याकडची, भातवाली. आमच्याकडे हे दिवस म्हणजे आवण, म्हणजे भाताची रोपं, उपटायची, लावणी करायची, कंबर मोडायची. आईचा फोन ठरलेला, "रविवारी ये, माणूस मिळत नाय." आणि इथे किनाऱ्यावर नेमकं उलटं. समुद्रावर जायचं नाही म्हणून बापे माणसं दोन महिने घरात, आणि बायका वैतागलेल्या. माझ्या घरमालकीण काकू तर रोज म्हणतात, "दोन महिने आता ह्यांची तोंडं बघा." त्यांचा नवरा पोस्टातून रिटायर झालाय. तो बाराही महिने घरातच असतो. पण तक्रार त्या बंदीतच करतात, सगळ्यांच्या बरोबरीने.

तर मागच्या वर्षी मी इथे फिजिक्स शिकवायला नवीन लागले होते. लागले म्हणजे तासिका तत्त्वावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जितके तास शिकवाल तितक्याच तुम्ही मॅडम. तास संपला की तुम्ही एसटीची वाट बघणारी एक मुलगी. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आठ जण होते, आणि त्यांना एक पेपर निवडायचा होता, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा सापेक्षतावाद. इन्स्ट्रुमेंटेशन आमचे विभागप्रमुख सर शिकवायचे, वर्षानुवर्षं, त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्सवरून. सापेक्षतावाद कागदावर होता पण कधी कोणी घेतलाच नव्हता. तो मला हवा होता. भयंकर हवा होता. एमएस्सीला असताना त्यातलं मला सगळ्यात कमी कळलं होतं आणि सगळ्यात जास्त आवडलं होतं, आता ह्याला काय म्हणायचं ते म्हणा. शिवाय तो पेपर मिळाला नाही तर माझे तास एवढे कमी उरत होते की मी बसस्टँडवरच जास्त दिसले असते.

सर चांगला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "शनिवारपर्यंत मुदत. पाच सह्या आणा, पेपर घ्या. चार आणल्यात तर चहा पाजतो."

सोमवारी मी वर्गात विचारलं, कोणाला आवडेल. आठही जणांनी खाली बघितलं. मागच्या बाकावरचा अरबाज, ज्याच्या वडिलांची बाजारात बेकरी आहे आणि ज्याच्या वह्यांना कायम नानकटाईचा वास येतो, तो म्हणाला, "मॅडम, त्याच्यात पास व्हायचं काय चान्सेस?"

आता सापेक्षतावादाची तोंडओळख सगळे जण एकाच पद्धतीने करून देतात, चादरीने. चार जणांनी चादर ताणून धरायची, मध्ये जड गोळा ठेवायचा, चादरीला खोलगा पडतो. मग कडेने गोटी सोडली की ती गोळ्याभोवती फिरत आत येते. म्हणजे बघा मुलांनो, सूर्य पृथ्वीला ओढत वगैरे नाही, त्याने आजूबाजूचा स्पेसटाइम वाकवलाय आणि पृथ्वी बिचारी त्या वाकड्या जागेतून सरळ चाललीय. इंटरनेटवर हे इतकं सुंदर दिसतं की मी पाहून पाहून रडायची बाकी होते.

मंगळवारी मी काकूंची चादर घेऊन गेले. मोरांची होती. जिमखान्यातून गोळाफेकीचा गोळा आणला. इंटरनेटवरची चादर ताणली जाते. काकूंची नाही जात. ती सुती, सोलापूरची, प्रामाणिक. गोळा ठेवला तसा तिला खोलगा न पडता चहूबाजूंनी चुण्या पडल्या आणि सोडलेल्या गोट्या चुण्यांत जाऊन बसल्या. अरबाज वाकून बघत म्हणाला, "मॅडम, दोन ग्रह मोराच्या पायात अडकले."

वर्ग इतका हसला की तीन जणांनी त्याच खुशीत सह्या केल्या. एकाने पेन्सिलने.

तेव्हा खिडकीजवळून प्रणाली बोलली. प्रणाली कोळीवाड्यातली. पहिल्या दोन आठवड्यांत मी तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकला होता. म्हणाली, "चादर ताणत नाय मॅडम. जाळं आणू?"

आणि बुधवारी आणलं. पोत्यात भरून, एसटीच्या सीटखाली ठेवून. पोतं उघडलं तर आख्ख्या लॅबला बोंबलाचा वास. आम्ही भातवाल्यांनी जाळं लांबूनच बघितलेलं. हातात घेतल्यावर कळलं की ते किती हलकं आणि किती चिवट असतं. जाळ्याचा रुंद भाग पसरून चार टेबलांना बांधला, बाकीचं खाली सोडलं, गोळा ठेवला, आणि काय सांगू, असा देखणा खोलगा पडला. मी इतकी खूश झाले की गोटी सोडली. ती जाळ्यातून सरळ फरशीवर पडली आणि कपाटाखाली गेली. जाळ्याला भोकं असतात. एमएस्सी फर्स्ट क्लास.

मग प्रणालीने पोत्यातून प्लॅस्टिकचे बोये काढले, जाळं तरंगायला बांधतात ते. बोया घरंगळला, अडखळला, अर्धा फेरा मारून गोळ्याला जाऊन टेकला. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. आणि प्रणालीने हात वर केला.

"मॅडम, बोया गोळ्याकडे का गेला?"

"जाळं वाकलं म्हणून."

"जाळं का वाकलं?"

"गोळा जड आहे म्हणून."

"जड म्हणजे त्याला पृथ्वी खाली ओढते म्हणून ना?"

"हो."

"मग गुरुत्वाकर्षण समजावायला आपण खालून गुरुत्वाकर्षणच लावलं."

अशा वेळी घंटा वाजते असं आपण ऐकतो. वाजली नाही. पंचवीस मिनिटं बाकी होती. मी हजेरी घेतली. दुसऱ्यांदा. अरबाजने "प्रेझेंट" म्हणताना अशा काही दयेने बघितलं की विचारू नका. आणि तास संपल्यावर पेन्सिलवाला येऊन खोडरबर मागून गेला.

संध्याकाळी काकूंच्या वाडीत पायरीवर बसले होते. पागोळ्या गळत होत्या, सुपारीच्या झाडांखाली चिखल, घरात वालाच्या बिरड्याला फोडणी. मागे कुठेतरी नारळ पडला, धप्प. काकू आतून म्हणाल्या, "मागच्या कोपऱ्यातला पडला गो." आवाजावरून त्या झाड ओळखतात. मी मात्र विचार करत बसले होते की हा धप्प का झाला हे मला, जिला हीच गोष्ट शिकवायचीय तिला, खरंच माहीत आहे का. सूत्रं येत होती. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. दोन सह्या उरल्या होत्या आणि त्यांत प्रणालीची नव्हती. तिने मंगळवारीच सांगून ठेवलं होतं की बाबा इन्स्ट्रुमेंटेशन घे म्हणतात. ते शिकलं की थळला खताच्या कारखान्यात लागता येतं, शेजारचा दादा तसाच लागलाय.

गुरुवारी तास चालू असताना दारात एक माणूस उभा राहिला. प्लॅस्टिकचा रेनकोट, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली, चपला बाहेर काढून अनवाणी. प्रणालीने बाकाखाली तोंड घातलं.

"मॅडम बाय," तो माणूस म्हणाला, "माजं जालं हितं आलंय काय?"

आलं होतं. टेबलांना बांधलेलं होतं आणि मधोमध लोखंडी गोळा. झालं होतं काय, तर प्रणालीला आणायचं होतं जुनं, माळ्यावरचं. तिने आणलं ओसरीतलं, वरचंच, बाबांनी आठ दिवस बसून दुरुस्त केलेलं. बाबा आत आले, जाळ्याभोवती एक फेरी मारली, गोळ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं.

"ह्याच्यात काय धरनार होतीस गो?"

अरबाज बोलला, "सूर्य, काका."

"गावला काय?"

"नाय. पण अर्धा फेरा मारला एका ग्रहाने."

बाबांनी मान हलवली, जणू हे रोजचंच. मी घाईघाईने माफी मागितली, गोळा उचलला, तो माझ्या पायावर पडता पडता वाचला, आणि घाबरल्यावर मी जास्त बोलते त्याप्रमाणे सगळंच सांगून टाकलं. की जागा वाकलेली असते, ते दाखवायला जाळं वाकवत होते, आणि कालपासून तुमच्या मुलीने मला अडवून ठेवलंय.

त्यांनी जाळ्यावरून हात फिरवला. "वजन टाकून जालं वाकवतात काय कुनी? वजन काढलंत, झालं परत सपाट. ते काय वाकनं न्हाय. जाल्याला आकार इनतानाच द्यायला लागतो."

"म्हणजे कसा?"

आणि माणूस फरशीवर बसला. मांडी घालून, आमच्या लॅबमध्ये. जाळ्याची शेपटी त्यांनी शोधून काढली, जिथे मासा शेवटी जमतो ती, तिला ते खोला म्हणतात. डोलीचं जाळं म्हणजे तोंडाशी खोलीएवढं रुंद आणि शेपटीला पिशवीएवढं. खिशातून विणायची सुई काढली आणि दाखवलं. जाळ्याच्या एकेका घराला ते आस म्हणतात. पहिल्या ओळीत शंभर आस असले तर थोड्या ओळी गेल्यावर दोन आसांचा एक करायचा. पुन्हा थोड्या ओळी, पुन्हा दोनाचा एक. बस. कुठे ओढायचं नाही, कुठे दाबायचं नाही. घरं कमी होत जातात आणि जाळं आपोआप आत वळत जातं.

"आता ह्ये टेबलावर सपाट करून दाखव," ते अरबाजला म्हणाले.

अरबाजने प्रयत्न केला. इकडे दाबलं की तिकडे फुगायचं. तिकडे दाबलं की इकडे चुणी. तो जाळ्यावर जवळजवळ आडवा झाला. "काका, हे वाकलंय कुठे नक्की? एक जागा दाखवा ना."

"जागा एक कुटली? ते मोजनीत वाकलंय."

मला तिथे, त्या क्षणी, बोंबलाच्या वासात, अंगावर काटा आला. एमएस्सीला दोन वर्षं मी तो धडा पाठ केला होता. वक्रता आतली असते, बाहेरून कोणी वाकवायला लागत नाही, बाहेर काही असायलाच लागत नाही, तुम्ही आतल्या आत अंतरं मोजत गेलात की ती तुम्हाला सापडते. परीक्षेत लिहिला होता, मार्क पण पडले होते. आणि तो मला कळला फरशीवर बसलेल्या एका माणसाच्या गुडघ्यावर.

मी लाल दोरा मागितला. त्यांनी दिला. दहा आसांचं अंतर ठेवून दोन दोरे ओवायला घेतले, एक प्रणालीने, एक मी. नियम एकच, सरळ जायचं, आस सोडायचा नाही, डावं-उजवं करायचं नाही. सुरुवातीला दोन्ही अगदी समांतर. थोडं पुढे गेल्यावर मध्ये नऊ आस राहिले. मग सात. मग चार. आम्ही दोघी गुडघ्यांवर पुढे सरकत होतो आणि आमची डोकी जवळ येत होती. खोल्याच्या तोंडाशी डोक्याला डोकं आपटलं.

"हे कोणी ओढलं का आपल्याला?" मी विचारलं.

"नाय," प्रणाली कपाळ चोळत म्हणाली.

"आपण वळलो का?"

"नाय. सरळच आलो."

"आता समज, जाळ्याची ही लांबी म्हणजे जागा नाही. वेळ आहे. आपण नुसते बसून असलो तरी वेळेत पुढे जातोच ना. तुझा दोरा पृथ्वी, माझा दोरा नारळ. नारळ हवेत आहे, हलत नाहीये, फक्त वेळेत सरळ चाललाय. पृथ्वी पण सरळ चाललीय. आणि दोघांच्या मधले आस कमी होतायत."

तिने जाळ्याकडे बघितलं. दोऱ्याकडे. बाबांच्या हातातल्या सुईकडे. मग हळूच म्हणाली, "धप्प."

मी म्हटलं, "धप्प."

मागून पेन्सिलवाल्याने विचारलं की मग झाडावर असलेला नारळ का पडत नाही. आणि मी, जी काल हजेरीमागे लपली होती, तीच मी सांगत सुटले, की तेच तर, पडणाऱ्याला काही कारण लागत नाही, तो नुसता सरळ चाललेला असतो. लटकणाऱ्यालाच लागतं. देठ त्याला सरळ जाऊ देत नाही. तुम्ही बाकावर बसलायत, बाक तुम्हाला सारखा वर ढकलतोय, त्याला तुम्ही वजन म्हणता.

अरबाज विचारात पडला. "म्हणजे मॅडम, माणूस झोपलेला असतो तेव्हा खाट त्याला रात्रभर ढकलत असते."

"हो."

"तरीच. अब्बाला सांगायला पायजे, मी सकाळी उठल्यावर दमलेला का असतो." आणि त्याने खिशातून पेन काढून सही केली. शास्त्रीय कारणासाठी झालेली ती पहिली सही. पेन्सिलवाल्याने पेनाने केली.

आता हे सगळं लिहिताना जरा लाज वाटतेय, कारण खरं गणित ह्याहून फार वेगळं आहे, आणि जाळ्यात वेळ आणि जागा सारख्याच दिसतात तशा त्या खऱ्या नसतात. कोणी जाणकार वाचत असेल तर त्याने मोठ्या मनाने पुढचा परिच्छेद वाचावा. मी तरी शिकवताना इतकंच बघते की मुलाच्या चेहऱ्यावर तो धप्प झाला का.

बाबा जाताना म्हणाले, "शनवारी नेतो. तवर वापरा. गोला टाकू नका."

चार सह्या. शुक्रवारी बाकीच्यांच्या मागे लागले. एकाला कारखान्यात जायचं होतं, दोघांना सरांच्या नोट्स मोठ्या भावाकडून तयार मिळाल्या होत्या. नोट्सपुढे स्पेसटाइम काय टिकणार. उरली प्रणाली. तिला मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती हो म्हणाली असती, मॅडमना वाईट वाटेल म्हणून, आणि मग वर्षभर मला तिच्याकडे बघवलं नसतं.

शनिवारी साडेअकराला बाबा पोतं घेऊन आले. मुदत बारापर्यंत. लॅबमध्ये आम्ही तिघंच. ते जाळं नीट घडी घालत होते, लाल दोरे तसेच ठेवून. न बघताच विचारलं, "ह्ये शिकून नोकरी कुटं मिलते?"

मला दोन-तीन चांगली उत्तरं येत होती. संशोधन संस्था, अवकाश, वगैरे. पण ह्या माणसासमोर तोंडातून आलंच नाही. म्हटलं, "माहीत नाही. मी हेच शिकलेय आणि मला अजून कायमची नाही."

ते हसले. "मंग तुमी कशाला शिकलाव?"

"अडलं होतं म्हणून. आधी काहीच कळलं नाही, म्हणून सोडवेना."

त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. मग मुलीला विचारलं, "तुला कलतं काय ह्ये?"

"दोऱ्याचं कळलं."

"आनि?"

"वेळेचं नाय कळत. वेळ कशी काय वाकेल?"

"आनि तां दुसरं, कारखान्यावालं?"

"ते कळतं. सोपं आहे."

बाबांनी पोत्याची गाठ पुन्हा आवळली. बाहेर पाऊस एका लयीत चालला होता. "सोपं हाय तर ते कवा पन शिकशील," ते म्हणाले. "बंदीत आमी काय करतो? फाटलेलं घेऊनच बसतो ना. धड जालं कुनी मांडीवर घेत न्हाय." मग माझ्याकडे वळून, जरा दरडावूनच, "पन मॅडम बाय, नोकरी न्हाय लागली तर मी हितं येनार. हितंच बसनार फरशीवर."

मी म्हटलं, "या."

प्रणालीने सही केली. एवढं बारीक अक्षर की सरांना चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागला. त्यांनी बोट ठेवून पाच मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि म्हणाले, "बरं. सोमवारपासून घ्या तुमचा पेपर."

आणि मी, जिने आठवडाभर ह्या वाक्यासाठी जिवाचं रान केलं होतं, आभार मानायचेच विसरले. कारण आता खरंच शिकवायला लागणार होतं. अख्खं वर्ष. जाळं तर गेलं होतं पोत्यातून घरी.

सोमवारी पाच जण पुढच्या बाकांवर येऊन बसले. प्रणालीने नवीन वही काढली, शंभर पानी, कव्हर घातलेली. मी खडू उचलायच्या आधीच तिचा हात वर. "मॅडम, वेळ वाकते म्हणजे घड्याळाला ते कळतं का? की घड्याळ पण वेळेबरोबर वाकतं, म्हणून कळत नाही?"

ह्या खेपेला मी हजेरी घेतली नाही. खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "मला नीट सांगता येणार नाही. मला पण अजून पुरतं कळलेलं नाही."

पाचही जणांनी खाली माना घातल्या. मला वाटलं, संपलं, खोडरबर निघालं. तर ते लिहून घेत होते. प्रणालीच्या वहीत, सापेक्षतावादाच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, पट्टीने खाली रेघ मारून, ते अजून आहे: मॅडमना पण माहीत नाही. मिळून शोधायचं.